डबल, सूट, सिंगल की घरूनच? अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षी राहायचं कुठे

कॉलेजला होकार कळवायची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे असते. ती एकदा पार पडली की घरात सगळे जरा मोकळा श्वास घेतात, आणि मग कुणीतरी हाउसिंगचा फॉर्म उघडतं. पाच-सात इमारतींची नावं, प्रत्येकीपुढे ‘ट्रॅडिशनल डबल’, ‘सेमी-सूट’, ‘अपार्टमेंट स्टाइल’ असलं काहीतरी, प्रत्येकाचा दर वेगळा, आणि खाली पसंतीक्रमाच्या रिकाम्या चौकटी. मुलं फोटो बघतात, आई बाथरूम बघते, बाबा दर बघतात. मजला कुणीच बघत नाही.

मी कॉलेजात असताना आरए होते, म्हणजे रेसिडेंट असिस्टंट. राहायची खोली फुकट, आणि त्या बदल्यात आपल्या मजल्यावरच्या नव्या मुलांची जबाबदारी. रात्री दोनला दार वाजलं तरी उठायचं. त्यामुळे दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, “ताई, सूट घेऊ की डबल?” माझं मत आधीच सांगून टाकते: पहिल्या वर्षी खोली किती छान आहे याला फार किंमत देऊ नका. मजल्यावर माणसं एकमेकांना भेटतात का, आणि वर्ग व जेवण किती लांब आहे, हे आधी बघा. बहुतेकांसाठी याचं उत्तर कॉमन बाथरूमवाली साधी डबल असं निघतं. सगळ्यांसाठी नाही, म्हणून हा प्रपंच.

त्याआधी, मुळात निवड तुमच्या हातात आहे का, ते तपासा. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाची मुलं ‘यार्ड’ नावाच्या कॅम्पसच्या जुन्या भागात आणि त्याच्या आसपासच्या इमारतींत राहतात. कुठली खोली आणि कोण रूममेट, हे कॉलेजच ठरवतं. येलमध्ये तुम्हाला १४ रेसिडेन्शियल कॉलेजांपैकी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या राहायच्या संकुलांपैकी, एक नेमून मिळतं. ड्यूकमध्ये पहिलं वर्ष सगळ्यांचं ईस्ट कॅम्पसवर, आणि २०१८ पासून रूममेटही आपण निवडायचा नाही. अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात पहिलं वर्ष विद्यापीठाच्या किंवा विद्यापीठाने मान्यता दिलेल्या खासगी हॉलमध्ये, म्हणजे वसतिगृहात, काढावं लागतं. या नियमातून सुटका मिळू शकते, पण ती मागावी लागते. अशा ठिकाणी अर्धा प्रश्न आपोआप सुटतो. खरी डोकेफोड मोठ्या सरकारी विद्यापीठांत, जिथे यादी लांबलचक असते.

साधी डबल आणि सूट

साधी डबल म्हणजे लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, मध्ये कुठेतरी सगळ्या मजल्याचं एक मोठं बाथरूम. खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, दोन कपाटं, आणि उरलेली जागा तुमची. (पलंगाची गादी ‘ट्विन एक्सएल’ असते, ३८ इंच रुंद आणि ८० इंच लांब. घरातली साधी ट्विनची चादर तिला ५ इंच कमी पडते आणि रात्री पायथ्याकडून सुटून येते. चादर विकत घेताना ‘एक्सएल’ एवढी दोनच अक्षरं बघायची.)

सूट म्हणजे दोन किंवा चार खोल्या, मध्ये बसायची छोटी जागा, आणि एक-दोन बाथरूम फक्त त्या चार-सहा-आठ जणांपुरती. फोटोत ती सोफ्याची जागा फार गोड दिसते. दर अर्थातच वरचा.

पालकांचा कौल जवळजवळ नेहमी सूटकडे जातो, आणि कारण एकच: बाथरूम. “तीस जणींमध्ये एक बाथरूम? छे!” म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. तीस जणींमध्ये एक बाथरूम म्हणजे एक नळ नव्हे. ओळीने सात-आठ बेसिन, तितकेच बंद संडास, आणि स्वतंत्र कड्यांचे किंवा पडद्यांचे चार-पाच शॉवर. गर्दी होते ती सकाळी साडेनऊच्या सुमाराला, दहाच्या वर्गाआधी, आणि रात्री झोपण्यापूर्वी. एरवी तिथे शुकशुकाट. साबण-शॅम्पूची जाळीची टोपली आणि रबरी चपला, एवढी तयारी लागते. आठवड्याभरात सवय होते. आणि मुख्य म्हणजे ते बाथरूम साफ करायला विद्यापीठाची माणसं येतात, बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार रोज.

सूटचं बाथरूम बहुधा तुम्हीच धुवायचं असतं. इथेच सगळी गंमत आहे. मी मिटवलेल्या भांडणांत मुलगा-मुलगी, गाणी, दिवे हे सगळं होतंच, पण सूटमध्ये विषय फिरून-फिरून तिथेच यायचा. सप्टेंबरात आरशावर टेपने चिकटवलेला कामाचा तक्ता, चार नावं, चार रंगांची पेनं. ऑक्टोबरात त्यातल्या एका नावाखाली कुणीतरी टोमणा लिहिलेला. नोव्हेंबरात शॉवरच्या जाळीत अडकलेल्या केसांचा फोटो काढून ग्रुपवर टाकलेला, आणि कुणाचे केस यावरून लांबीनिशी वाद. टॉयलेट पेपर कुणी आणायचा, हा तर स्वतंत्र विषय. अठरा वर्षांच्या, घरी कधी बाथरूम न घासलेल्या चार जणांना हे आपसूक जमेल, अशी अपेक्षा करणं जरा जास्तच आहे.

पण माझा मुख्य मुद्दा स्वच्छतेचा नाही. कॉमन बाथरूमला जाताना कॉरिडॉरमधून जावं लागतं, आणि त्या जाण्या-येण्यातच मैत्री होते. एमआयटीच्या आवारातल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला एक जुना अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला होता, लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. अगदी शेजारच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं. त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. अंतर किती, तर एका मजल्याच्या लांबीएवढं. आवड, स्वभाव, गाव यांच्यापेक्षा कुणाचं दार जवळ, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. पहिल्या वर्षी पहिले पाच-सहा आठवडे सगळेच नवे आणि सगळेच मैत्रीला तयार असतात. जेवायला चाललेला घोळका उघड्या दारातून हाक मारतो. सूटला मुळात बाहेरचं दार असतं, आणि ते बंद असतं. आतल्या चौघी मनासारख्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या, तर मजल्यावर दुसरं कुणी ओळखीचं होईपर्यंत थंडी सुरू झालेली असते.

मग सूट कुणी घ्यावा? ज्यांना पोटाचा किंवा त्वचेचा काही आजार आहे आणि बाथरूम जवळ, मोकळं हवं आहे, त्यांनी जरूर घ्यावा. तिथे माझे वरचे सगळे मुद्दे बाद. ज्यांना अनोळखी माणसांत कपडे बदलण्याचा मनापासून संकोच आहे, त्यांनीही. आणि ज्यांचं विद्यापीठ इतकं छोटं आहे की सगळे सगळ्यांना भेटतातच, त्यांना फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या वर्षी, माणसं निवडून झाल्यावर, सूट ही सुरेखच गोष्ट आहे.

मोठ्या सूटमध्ये एक गोष्ट मात्र फोनवर विचारून घ्या: झोपायच्या खोलीला खिडकी आहे का? हसू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसवर अब्जाधीश चार्ली मंगर यांच्या कल्पनेतून सुमारे ४,५०० मुलांचं एक अवाढव्य डॉर्म, म्हणजे वसतिगृह, होणार होतं. त्यात बहुतेक झोपायच्या खोल्यांना खिडकीच नव्हती. २०२१ मध्ये तिथल्या सल्लागार आर्किटेक्टने या कारणावरून राजीनामा दिला, गदारोळ झाला, आणि २०२३ मध्ये तो बेत गुंडाळला गेला.

‘सेमी-सूट’ नावाचा मधला प्रकार मला स्वतःला सगळ्यात कमी आवडतो. दोन डबल, मध्ये एक सामायिक बाथरूम, बसायची जागा नाही. सूटचा दर जवळपास द्यायचा, बाथरूम स्वतः घासायचं, आणि भेटणार फक्त पलीकडचे दोघं. तेही बहुधा भांडायलाच, कारण बाथरूमला आतून तुमच्या बाजूची कडी लावून, ती तशीच ठेवून ते वर्गाला निघून गेलेले असतात.

सिंगल आणि ट्रिपल

सिंगल पहिल्या वर्षाला फार कमी मिळते आणि महाग पडते. “एकटी असली की अभ्यास होईल” हे पालकांचं म्हणणं मी खूप ऐकलं आहे. अभ्यास शेवटी लायब्ररीत आणि लाउंजमध्येच होतो, खोलीत माणसं झोपतात. सिंगलमधलं मूल फेब्रुवारीत चार दिवस तापाने पडून राहिलं तरी कुणाला कळत नाही, ही माझी खरी काळजी. रूममेट कितीही रटाळ असो, तो निदान दार ठोठावून सांगतो की हा दोन दिवस उठलेला नाही. मात्र वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्याच्या कारणासाठी सिंगल हवी असेल, तर ती पसंतीक्रमात लिहून मिळत नाही. अपंगत्व-सुविधा पाहणाऱ्या वेगळ्या ऑफिसकडे डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज करावा लागतो, आणि त्याची मुदत बऱ्याचदा हाउसिंगच्या मुदतीपेक्षा आधी संपते. गरज असेल तर मे महिन्यातच त्यांना लिहा.

ट्रिपल दोन प्रकारची. एक मुळातच तिघांसाठी बांधलेली, ती ठीक. दुसरी म्हणजे डबलमध्ये तिसरा पलंग घुसवलेली. ज्या वर्षी अपेक्षेपेक्षा जास्त मुलं होकार देतात, त्या वर्षी विद्यापीठं हा उपाय करतात. पलंग एकावर एक किंवा उंचावर चढवलेले, खाली टेबल, कपाटात हँगर सरकत नाहीत. दर कमी असतो, आणि सेमिस्टर पुढे सरकेल तशी काही मुलं सोडून जातात, मग तिसऱ्याला दुसरीकडे हलवलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पससारख्या जागेची टंचाई असलेल्या ठिकाणी ट्रिपल ही नेहमीचीच गोष्ट आहे. पैशांचा प्रश्न असेल आणि मूल जरा खेळकर असेल, तर ट्रिपलला घाबरायचं कारण नाही. तिघांत दोघांचं जमतं आणि एक बाजूला पडतो हे खरं, पण तो बाजूला पडलेला कॉरिडॉरमध्ये जातो आणि तिथे त्याला दुसरे पाच भेटतात.

स्वयंपाकघराचा मोह

अपार्टमेंट पद्धतीच्या डॉर्ममध्ये ओटा, शेगडी, फ्रिज असतो. “म्हणजे वरण-भात तरी करून खाईल,” असं आया म्हणतात. करत नाहीत. आणि केला तरी, पहिल्या वर्षाला मील प्लॅन बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच दिलेले. वर ओट्यासाठी जास्त भाडं. शिवाय आजूबाजूला सगळे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे, ज्यांची मित्रमंडळी ठरलेली आहेत. पहिल्या वर्षासाठी मी अपार्टमेंट यादीत सगळ्यात खाली ठेवेन.

त्यापेक्षा हे बघा की डायनिंग हॉल त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत आहे का. जानेवारीत, बर्फात, रात्री आठला भूक लागली तर स्लिपर घालून खाली उतरता येणं याची किंमत कुठल्याही ओट्यापेक्षा जास्त आहे. शाकाहारी मुलांनी आणखी एक काम करावं. बहुतेक विद्यापीठांची डायनिंग हॉलची रोजची यादी वेबसाइटवर असते. आठवडाभर ती रोज बघा. सॅलड, पास्ता आणि चीज पिझ्झा यांपलीकडे रोज काहीतरी दिसतं का? एकाच विद्यापीठातले दोन हॉल या बाबतीत जमीन-अस्मानाइतके वेगळे असू शकतात. प्लॅन निवडताना मोठ्यातला मोठा घेऊ नका. नाश्ता कोण उठून करतंय? कमी जेवणांचा प्लॅन नंतर वाढवता येतो का एवढं विचारा. सहसा येतो, उलट दिशेने जाणं अवघड.

खोलीत स्वयंपाक मात्र जवळपास कुठेच चालत नाही. शेगडी, इंडक्शन, टोस्टर, इन्स्टंट पॉट आणि बऱ्याच ठिकाणी राइस कुकरसुद्धा बंदीच्या यादीत असतात. छोटा फ्रिज आणि ठरावीक क्षमतेपर्यंतचा मायक्रोवेव्ह चालतो. मजल्याच्या सामायिक किचनमध्ये फोडणी दिलीत तर धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत रात्री अकराला फुटपाथवर उभी राहते, ही मी बघितलेली गोष्ट आहे. फोडणीचं पोह्यांचं मिश्रण घरून करून द्या, गरम पाणी घातलं की काम होतं. उदबत्ती आणि निरांजन अर्थातच नाही. बॅटरीवर चालणारा दिवा ठेवला तर देव रागावत नाही.

हे नियम जाचक वाटतात, पण त्यामागे माणसं गेली आहेत. १९ जानेवारी २००० च्या पहाटे न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या एका डॉर्मला आग लागली. तीन मुलं गेली, पन्नासहून अधिक जखमी झाली. इमारतीत स्प्रिंकलर नव्हते, आणि आधी इतके खोटे अलार्म वाजले होते की अनेकांना तोही खोटाच वाटला. त्याच वर्षी न्यू जर्सीने डॉर्ममध्ये स्प्रिंकलर सक्तीचे करणारा कायदा केला. २००८ च्या संघीय कायद्यानंतर ज्या ज्या कॉलेजची स्वतःची वसतिगृहं आहेत त्याला दरवर्षी आगीसंबंधीचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, १ ऑक्टोबरच्या आत. त्यात प्रत्येक इमारतीची वेगळी नोंद असते: आगीच्या घटना किती, आणि आग विझवायची यंत्रणा कुठली. विद्यापीठाचं नाव आणि ‘फायर सेफ्टी रिपोर्ट’ एवढं शोधलंत की सापडतो. दोन इमारतींत घोळ होत असेल तर हे कागद फोटोंपेक्षा जास्त बोलतात. एखाद्या इमारतीत एकाच वर्षी स्वयंपाकाच्या चार आगी दिसल्या तर तिथलं किचन कसं असेल ते ओळखा.

अंतर

इथे मोठी विद्यापीठं चकवतात. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचं न्यू ब्रन्सविक कॅम्पस घ्या, आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे जातात. कॉलेज अॅव्हेन्यू, बुश, लिव्हिंगस्टन, कुक आणि डग्लस असे भाग, मध्ये रॅरिटन नदी, आणि सगळ्यांना जोडणारी विद्यापीठाची बस. बुश आणि लिव्हिंगस्टन नदीपलीकडे पिस्काटवेत. विज्ञान आणि इंजिनिअरिंगचे बरेच वर्ग बुशला असतात. नव्या इमारतीच्या हौसेने चुकीच्या काठावर खोली घेतली की अख्खं वर्ष बसच्या थांब्यावर जातं.

मिशिगन विद्यापीठात याच्या उलट फसगत होते. अॅन आर्बरला इंजिनिअरिंग कॉलेज नॉर्थ कॅम्पसवर आहे, म्हणून पालक म्हणतात नॉर्थ कॅम्पसचा बर्सली हॉल बरा. पण पहिल्या वर्षाचं गणित, केमिस्ट्री, फिजिक्स यांचे वर्ग बहुतांशी सेंट्रल कॅम्पसवर भरतात, आणि शनिवारी सगळी गंमतही तिकडेच. बसने जायला फार वेळ लागत नाही, पण ती बस पकडायची असते फेब्रुवारीत. म्हणून मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठे शिकवतात हे न बघता पहिल्या सेमिस्टरचे चार-पाच विषय कुठल्या इमारतींत आहेत ते बघा. वर्गांची यादी आणि इमारतींची नावं बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना खुली असतात, लॉगिन लागत नाही.

जवळची जुनी इमारत आणि लांबची नवी यांत मी डोळे मिटून जवळची घेईन. अपवाद एसीचा. जुन्या डॉर्मना बऱ्याचदा एसी नसतो, ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात वरच्या मजल्यावर भट्टी होते, आणि खिडकीचा एसी वैद्यकीय कारणाशिवाय लावू देत नाहीत. दम्याचा त्रास असलेल्यांनी हा प्रश्न आधी सोडवावा. बाकीच्यांनी एक पंखा न्यावा आणि तीन-चार आठवडे काढावेत.

घरून जाणं, की बाहेर भाड्याने?

न्यू जर्सीतल्याच एडिसनमधून न्यू ब्रन्सविकला गाडीने जाणं म्हणजे काही प्रवास नव्हे, तेव्हा घरूनच का नाही? प्रश्न रास्त आहे. कॉलेज बोर्ड या संस्थेच्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार चार वर्षांच्या सरकारी कॉलेजांत राहण्या-जेवणाचा सरासरी खर्च साधारण १३,३०० डॉलर, आणि राज्यातल्या रहिवाशांची सरासरी फी साधारण ११,६०० डॉलर. म्हणजे घर जवळ असणाऱ्याला शिक्षणापेक्षा पलंग महाग पडतो.

माझा हिशोब असा. डॉर्मसाठी चढ्या व्याजाचं खासगी कर्ज काढावं लागणार असेल, तर घरून जा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फक्त शेवटचा वर्ग संपला की गाडीकडे पळू नका. क्लबच्या बैठका, अभ्यासाचे गट, सगळं संध्याकाळी सातनंतर सुरू होतं. आठवड्यातले निदान दोन दिवस रात्री दहापर्यंत तिथेच थांबायचं, असं घरी आधीच सांगून ठेवा. नाहीतर आठ वाजता “जेवायला कधी येतोयस?” हा फोन ठरलेला. आणि पार्किंगचा परवाना, पेट्रोल, विमा हेही त्या बचतीतून वजा करा.

पैसे झेपत असतील तर डॉर्मचा खर्च पहिल्या वर्षी करा, नंतर वाचवा. उलटं करणारे मी पाहिले आहेत: दोन वर्षं घरी, तिसऱ्या वर्षी डॉर्म. तोवर सगळ्यांचे गट ठरलेले असतात. शिक्षणासाठी पैसे साठवायच्या ५२९ खात्यात पैसे ठेवले असतील, तर मूल किमान अर्धवेळ विद्यार्थी असेपर्यंत ते राहण्या-जेवणासाठीही करमुक्त वापरता येतात. विद्यापीठाच्या हॉलमध्ये प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेइतके, बाहेर राहिलात तर विद्यापीठाने त्यासाठी धरलेल्या मर्यादेपर्यंत. शिष्यवृत्तीचं मात्र वेगळं आहे. तिचा जो भाग राहण्या-जेवणावर जातो तो मुलाचं करपात्र उत्पन्न धरला जातो, आणि हे एप्रिलमध्ये टॅक्स भरताना कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

पहिल्याच वर्षी बाहेर अपार्टमेंट घेण्याबद्दल थोडक्यात: नको. डॉर्मचा करार शैक्षणिक वर्षाचा, बाहेरचा बहुधा १२ महिन्यांचा. उन्हाळ्याचं भाडं भरत बसा. चौघांनी मिळून एकच लीज केली असेल तर एक पळाला की त्याचा वाटा बाकीच्या तिघांच्या गळ्यात.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तुम्हाला कोर्स सुरू होण्याच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी देशात येता येतं, पण डॉर्म त्याच्या तारखेलाच उघडतं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना लवकर आत घेतात का, ते विचारून मगच तिकीट काढा. दुसरं, डिसेंबरच्या सुट्टीत अनेक हॉल पूर्ण बंद होतात, थॅंक्सगिव्हिंगलाही काही. घरी जाणारी मुलं बॅग उचलतात आणि निघतात. तुम्ही जाणार कुठे? ‘ब्रेक हाउसिंग’, म्हणजे सुट्टीतही राहायची सोय, असलेली इमारत तुमच्यासाठी यादीत सगळ्यात वर हवी, मग ती कितीही जुनाट असो. हा एक मुद्दा वरच्या बाकी सगळ्या मुद्द्यांना मागे टाकतो. आणि खोली बदललीत की नवा पत्ता १० दिवसांच्या आत कळवायचा असतो, आंतरराष्ट्रीय ऑफिसच्या पोर्टलवर. नव्या मुलांच्या हे डोक्यातच येत नाही.

रूममेट, आणि तो प्रश्नांचा फॉर्म

शाळेतला जिगरी दोस्त त्याच कॉलेजला जातोय म्हणून एकत्र खोली घेऊ नका. त्याच मजल्यावर घ्या, शेजारी घ्या, पण एकाच खोलीत नको. भांडण झालं तर रूममेट बदलता येतो, दोस्त बदलता येत नाही. रूममेटचा परिणाम होतोच: डार्टमथमध्ये जिथे रूममेट चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमले जात, तिथल्या आकडेवारीवरून ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञाने २००१ मध्ये दाखवलं की खोलीतल्या सोबत्याचा असर मार्कांवर आणि फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या क्लबात, जाण्यावरही पडतो. त्यामुळे सवयींचा फॉर्म खरा भरा. आईला भरू देऊ नका. “रात्री दहाला झोपते, खोली नीटनेटकी ठेवते” असं आईने लिहिलेली एक मुलगी माझ्या मजल्यावर होती. पहाटे तीनपर्यंत जागणारी ती, आणि तिच्यासोबत जुळवलेली बिचारी रूममेट खरोखर दहाला झोपणारी.

‘सब्स्टन्स-फ्री’, म्हणजे दारू-ड्रग्जना बंदी असलेला, मजला दिसला तर मुलं नाक मुरडतात. मुरडू नका. तिथे साधूसंत राहत नाहीत, फक्त रविवारी सकाळी बाथरूमच्या बेसिनमध्ये कुणाची तरी शनिवार रात्र पडलेली नसते. विषयानुसार मजले असतात, इंजिनिअरिंगचा, ऑनर्सचा वगैरे. गृहपाठाला सोबत मिळते, पण चोवीस तास तीच चर्चा. मी असते तर घेतला नसता, पण लाजाळू मुलासाठी तो खरंच सोपा रस्ता आहे.

पालकांनी एक लक्षात ठेवावं. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवरचे हक्क फेर्पा कायद्याने त्याचे स्वतःचे होतात, वय कितीही असो. रूममेटबद्दल तक्रार करायला तुम्ही हाउसिंगला फोन केलात तर ते गोड आवाजात काहीही सांगणार नाहीत. मुलालाच बोलावं लागतं, आधी आरएशी.

फॉर्मबद्दल शेवटचं. हाउसिंगचा अर्ज प्रवेशाच्या होकारापेक्षा वेगळा असतो, वेगळी अनामत, वेगळी तारीख, आणि बऱ्याच ठिकाणी जो आधी भरेल त्याला आधी. काही ठिकाणी सोडत. कुठली पद्धत आहे ते पहिल्या दिवशी शोधा. रद्द करण्याचा दंड किती आणि कुठल्या तारखेनंतर, तेही. मग पसंतीक्रमात पहिली जवळची साधी डबल, दुसरी तशीच दुसऱ्या इमारतीतली, तिसरीला ट्रिपल, मग सूट. खोली कळते जून-जुलैत. मनाविरुद्ध मिळाली तर वेटलिस्टवर नाव लगेच टाका, कारण ऑगस्टभर मुलं गळत राहतात आणि जागा हलत राहतात. सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक ठिकाणी खोल्या बदलून देत नाहीत. तेवढ्यात आरए रूममेट करारनामा भरून घ्यायला येईल: झोपायची वेळ, पाहुणे, कचरा, कुणाची कुठली वस्तू कुणी वापरायची. सगळे जण ‘काहीही चालेल’ लिहून सही करतात. तुम्ही खरं लिहा.